‘अमर्याद’ इंटरनेटची मर्यादा : हिशेब महिन्याचा, गर्दी संध्याकाळची

महिन्याच्या सुरुवातीला वाऱ्यासारखे धावणारे घरचे ब्रॉडबँड पंचवीस-सव्वीस तारखेच्या सुमारास अचानक रांगू लागते. चित्रपट मध्येच थांबतो, ऑनलाइन वर्गातील शिक्षकांचा आवाज तुटक येऊ लागतो, आखातात किंवा इंग्लंडमध्ये नोकरीसाठी गेलेल्या मुलाशी चाललेला व्हिडिओ कॉल गोठतो. तक्रार नोंदवली की पलीकडून उत्तर येते, ‘आपली एफयूपी संपली आहे.’ ग्राहकाने तर ‘अनलिमिटेड’ योजना घेतलेली असते. मग जे अमर्याद आहे ते संपते कसे, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

एफयूपी म्हणजे ‘फेअर यूजेज पॉलिसी’. मराठीत त्यास न्याय्य वापराचे धोरण म्हणता येईल. योजनेत ठरवून दिलेल्या प्रमाणापर्यंत डेटा पूर्ण वेगाने मिळतो. त्यानंतर जोडणी तुटत नाही आणि जादा आकारही लागत नाही, मात्र वेग मोठ्या प्रमाणात घटतो. कंपन्यांच्या भाषेत याचे समर्थन सोपे आहे. थोडे ग्राहक बेसुमार वापर करतात, त्यामुळे इतरांच्या वाट्याला कमी येते, म्हणून अतिवापराला लगाम घालणे न्यायाचे ठरते. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. तो कितपत खरा आहे हे पाहण्यासाठी तारेतून नेमके काय वाहते, ते कोणाकोणात वाटले जाते आणि त्याचा खर्च कशावर ठरतो, हे समजून घ्यावे लागते.

वेग वेगळा, प्रमाण वेगळे

इंटरनेटच्या योजनेत दोन आकडे असतात आणि त्यांची गल्लत बहुतेक वेळा होते. पहिला आकडा वेगाचा. तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट या मापात सांगितला जातो. दुसरा आकडा प्रमाणाचा. तो जीबीमध्ये, म्हणजे गिगाबाइटमध्ये असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट येतात. १ जीबी उतरवण्यास साधारण ८० सेकंद लागतात आणि पूर्ण वेगाने तासाभरात ४५ जीबी डेटा येऊ शकतो.

आपल्याकडे घरगुती फायबरच्या अनेक ‘अमर्याद’ योजनांत महिन्याला ३३०० जीबी ही मर्यादा आढळते. आकडा मोठा आहे. रोजचे ११० जीबी झाले. परंतु १०० एमबीपीएसच्या जोडणीवर पूर्ण वेगाने अखंड वापर केला तर ही मर्यादा सुमारे ७३ तासांत, म्हणजे तीन दिवसांहून थोड्या अधिक वेळात गाठली जाते. १ जीबीपीएसच्या जोडणीवर तर तेवढ्यासाठी सात तास वीस मिनिटे पुरेत. असा वापर कोणत्याही घरात होत नाही हे खरे. पण विकलेला वेग आणि वापरू दिलेले प्रमाण यांत केवढे अंतर आहे, ते यावरून ध्यानात येते.

उलट बाजूचे गणितही पाहावे. वेग ५१२ केबीपीएसवर आला की तेच १ जीबी उतरवण्यास चार तास वीस मिनिटे लागतात. साधे निरोप, बँकेचे व्यवहार आणि ईमेल एवढे कसेबसे होते. चांगल्या प्रतीचा व्हिडिओ किंवा मुलाखतीचा कॉल त्यावर चालत नाही. म्हणजे जोडणी कागदोपत्री सुरू असली तरी घरातील निम्मी कामे बंद पडलेली असतात.

एका तारेवर अनेक घरे

वस्तीत आलेल्या फायबरची रचना बहुतेक ठिकाणी ‘जीपॉन’ या तंत्राची असते. कंपनीच्या केंद्रातून निघालेला काचेचा एक तंतू वस्तीजवळ येतो. तेथे एका लहान पेटीत प्रकाशाची विभागणी होते आणि ३२ किंवा ६४ घरांना वेगवेगळे तंतू जातात. या सर्व घरांना मिळून डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस आणि अपलोडसाठी सुमारे १.२५ जीबीपीएस एवढी क्षमता असते. ३२ घरांत ती समान वाटली तर प्रत्येकी सुमारे ७८ एमबीपीएस येते आणि ६४ घरांत वाटली तर ३९. तरीही प्रत्येक घराला १०० एमबीपीएस विकले जाते.

यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही. बँकेतील सर्व ठेवीदार एकाच दिवशी पैसे काढायला येत नाहीत, या भरवशावर बँक चालते. त्याचप्रमाणे सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वेग मागत नाहीत, या भरवशावर इंटरनेट सेवा चालते. संकेतस्थळ उघडताना क्षणभर वेग लागतो, नंतर वाचन चालते आणि तार मोकळी राहते. त्या मोकळ्या क्षणी शेजाऱ्याचे काम होते. क्षमतेची अशी वाटणी केली नाही तर प्रत्येक घरासाठी स्वतंत्र मार्ग राखून ठेवावा लागेल आणि तो खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाईल.

ही वाटणी केवळ वस्तीपुरती नसते. गावातील सेवादार तालुक्याच्या ठिकाणाहून, तेथून पुढे मोठ्या शहरातून घाऊक क्षमता विकत घेतो आणि प्रत्येक टप्प्यावर एकाच क्षमतेवर अनेकांचा हक्क असतो. किती ग्राहकांत एक क्षमता वाटावी याला वाटणीचे गुणोत्तर म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिक ब्रॉडबँडसाठी एकास तीस, अशी ती गुणोत्तरे होती. सेवादार या गुणोत्तराच्या पलीकडे गेला की संध्याकाळी सर्वांचाच वेग पडतो. त्या वेळी एफयूपी शिल्लक असली काय आणि संपलेली असली काय, फरक पडत नाही.

पुलावरची गर्दी आणि महिन्याची गणती

येथे मूळ प्रश्नाला हात घालता येतो. गर्दी ही क्षणाची गोष्ट आहे. पणजी आणि पर्वरी यांना जोडणाऱ्या मांडवीवरील पुलांवर कार्यालये सुटण्याच्या वेळी वाहनांची रांग लागते. पहाटे दोन वाजता तेच पूल ओस पडलेले असतात. समजा, ही कोंडी सोडवण्यासाठी असा नियम केला की प्रत्येक वाहनाने महिन्यात तीस फेऱ्याच माराव्यात. पहाटे भाजी घेऊन येणारा टेम्पो दहा-पंधरा दिवसांतच आपला वाटा संपवून बसेल आणि संध्याकाळी सहा वाजता पुलावर येणारी मोटार मात्र महिनाभर नियमात राहील. नियम पाळला जाईल आणि कोंडीही तशीच राहील.

महिन्याची डेटा मर्यादा नेमके हेच करते. एखादा विद्यार्थी पहाटे तीन वाजता शंभर जीबीचा गेम उतरवतो, तेव्हा तारा मोकळ्या असतात आणि कोणाच्याही वाट्याचे काही जात नाही. दुसरे कुटुंब महिन्याभरात त्याच्या निम्मा डेटा वापरते, पण सर्वांच्या सोबत रात्री नऊ वाजता अतिसुस्पष्ट चित्रपट पाहते. गर्दीत भर घालणारे दुसरे कुटुंब असते, मर्यादेच्या कचाट्यात सापडतो तो पहिला विद्यार्थी.

सेवादाराच्या खर्चाचा हिशेबही हीच गोष्ट सांगतो. इंटरनेटच्या घाऊक व्यवहारात जगभर एक पद्धत रूढ आहे. दर पाच मिनिटांनी वाहतुकीचा वेग नोंदवला जातो. महिनाअखेर या सर्व नोंदी चढत्या क्रमाने लावून वरच्या ५ टक्के वगळल्या जातात आणि उरलेल्यांतील सर्वांत मोठ्या नोंदीवर देयक काढले जाते. ५ टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यातील ३६ तास. अर्थात, किती गिगाबाइट वाहिले यापेक्षा रोजच्या गर्दीच्या वेळी नळ किती मोठा लागला, यावर खर्च ठरतो. पहाटेच्या वाहतुकीने या देयकात सहसा एक पैसाही वाढत नाही.

शिवाय लोकप्रिय व्हिडिओ प्रत्येक वेळी परदेशातून आणावा लागत नाही. गूगल, नेटफ्लिक्स यांसारख्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती साठवणारे सर्व्हर सेवादारांच्या केंद्रातच ठेवतात. देशांतर्गत वाहतूक देशातच अदलाबदल व्हावी यासाठी २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था स्थापन झाली. म्हणून ग्राहकाने पाहिलेल्या प्रत्येक गिगाबाइटमागे समुद्राखालील केबलचा खर्च येतो, ही समजूतही पूर्णपणे बरोबर नाही.

अतिवापर करणारा कोण?

‘अतिवापर’ म्हटले की रात्रंदिवस चित्रपट उतरवणारा कोणी तरुण डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात साधे कुटुंबही मोठ्या आकड्यांपर्यंत सहज पोहोचते. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या माहितीनुसार साध्या प्रतीच्या चित्रासाठी तासाला १ जीबीपर्यंत, एचडीसाठी ३ जीबीपर्यंत आणि अतिसुस्पष्ट चित्रासाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. घरात दोन दूरचित्रवाणी संच असून प्रत्येकावर रोज चार तास एचडी कार्यक्रम चालले, तर महिन्याला ७२० जीबी होतात. मोठ्या पडद्यावर अतिसुस्पष्ट चित्र रोज चार तास पाहिले, तर एका संचाचेच ८४० जीबी.

यात सुरक्षेचा कॅमेरा जोडला तर चित्र आणखी पालटते. २ एमबीपीएस वेगाने चोवीस तास चित्रण इंटरनेटवर साठवणारा एक कॅमेरा महिन्याला सुमारे ६४८ जीबी वापरतो. मालक परदेशी असल्यामुळे बंद राहिलेल्या घरांत असे कॅमेरे बसवले जातात. त्या घरात माणूस राहत नसतो, तरीही मापकाच्या दृष्टीने ते मोठे ग्राहक ठरते. पाहुणे उतरवणाऱ्या लहान गेस्ट हाउसची गोष्ट निराळी. तेथे एकाच जोडणीवर दहा-बारा अनोळखी माणसे आपापले फोन आणि लॅपटॉप जोडतात. हा वापर व्यावसायिक असतो. घरगुती योजनेच्या अटींत पुनर्विक्री आणि व्यावसायिक वापर सहसा निषिद्ध असतो. त्यामुळे अशा ठिकाणी सेवादाराने हरकत घेतली तर ती गैर म्हणता येत नाही.

म्हणजे ‘अतिवापर करणारा’ हा एकाच प्रकारचा माणूस नाही. कोणी घरून काम करणारा अभियंता असतो, कोणी चार मुलांचे कुटुंब, तर कोणी नियम मोडून शेजाऱ्यांना जोडणी विकणारा. महिन्याच्या एका आकड्याला यातील भेद दिसत नाही.

अमेरिकेतील एक धडा

अतिवापराला आवर कसा घालावा, या प्रश्नावर सर्वांत बोलका अनुभव अमेरिकेतील कॉमकास्ट या केबल कंपनीचा आहे. २००७ मध्ये असे उघडकीस आले की ही कंपनी बिटटोरंट या फाइल-वाटपाच्या पद्धतीत गुपचूप ढवळाढवळ करते. दोन संगणकांतील संभाषण तोडण्यासाठी ती मधूनच खोटे संदेश पाठवत असे. ‘संबंध संपला’ असे जणू समोरच्या संगणकानेच कळवले आहे, अशी बतावणी त्या संदेशांत असे. ग्राहकाला वाटे, दोष समोरच्याचा आहे. ऑगस्ट २००८ मध्ये तेथील संघराज्य संचार आयोगाने या प्रकारास मनाई केली. २०१० मध्ये न्यायालयाने तो आदेश अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द केला, परंतु तोवर कंपनीने ती पद्धत सोडून दिली होती.

त्यानंतर कंपनीने दोन निरनिराळे उपाय योजले. दोन्हींची तुलना उद्बोधक आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून तिने घरगुती ग्राहकांसाठी महिन्याला २५० जीबीची मर्यादा लागू केली. त्या वेळी तिच्या मध्यम ग्राहकाचा वापर महिन्याला दोन-तीन जीबी एवढाच होता आणि मर्यादेची झळ एक टक्क्याहून कमी ग्राहकांना बसेल, असे तिनेच सांगितले होते.

दुसरा उपाय तांत्रिक होता आणि तो २०१० मध्ये ‘आरएफसी ६०५७’ या दस्तऐवजात सविस्तर प्रसिद्धही झाला. त्यात कोण काय पाहतो याची चौकशी नव्हती. वस्तीतील सामाईक मार्ग भरत आला आहे का, हे आधी तपासले जाई. तो भरत आला असेल, तरच गेल्या पंधरा मिनिटांत कोणी आपल्या वेगाचा ७० टक्क्यांहून अधिक भाग सलग वापरला आहे, ते पाहिले जाई. अशा ग्राहकाची वाहतूक काही काळ दुय्यम क्रमांकावर टाकली जाई. वापर ओसरला की त्याचा क्रमांक आपोआप पूर्ववत होई. रस्ता मोकळा असेल तर कितीही वापर करणाऱ्यास कोणीही अडवत नसे.

गर्दी आवरण्याचे काम हा दुसरा उपाय करीत होता. मग मासिक मर्यादा कशासाठी उरली? २०१२ मध्ये कॉमकास्टने २५० जीबीची मर्यादा स्थगित केली. पुढे ती वेगळ्या रूपात परत आली. २०१६ मध्ये १ टीबी आणि २०२० मध्ये १.२ टीबी, असे तिचे आकडे वाढत गेले आणि तिच्यापुढील वापरास जादा आकार लागू लागला. परंतु याच कंपनीच्या ईशान्येकडील राज्यांतील ग्राहकांवर ती अनेक वर्षे लादली गेली नाही. तेथे फायबर पुरवणारा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. तंत्रज्ञान तेच, कंपनी तीच, फरक स्पर्धेचा. अमेरिकेतील केबल उद्योगाच्या संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष आणि संचार आयोगाचे माजी प्रमुख मायकेल पॉवेल यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले की वापरावर आधारित आकारणीमागील मुख्य कारण गर्दी हे नाही. मोठ्या स्थिर खर्चाची वसुली ग्राहकांत कशी वाटावी, हा खरा प्रश्न आहे.

टाळेबंदीने घेतलेली परीक्षा

२०२० च्या मार्च महिन्यात जगभर माणसे घरात बसली आणि इंटरनेटवरील भार एकाएकी वाढला. मासिक मर्यादा हा गर्दीवरील उपाय असता, तर ती अधिक कडक करण्याची वेळ हीच होती. घडले उलट. कॉमकास्टसह अनेक अमेरिकी कंपन्यांनी मर्यादा तात्पुरत्या उठवल्या आणि त्यांची सेवा कोलमडली नाही.

खऱ्या गर्दीची भीती जेथे होती, तेथे दुसराच मार्ग निवडला गेला. युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने युरोपात चित्राचा बिटदर काही काळ घटवला. भारतातही व्हिडिओ पुरवणाऱ्या प्रमुख कंपन्यांनी २४ मार्च रोजी ठरवले की मोबाइल जाळ्यांवर १४ एप्रिलपर्यंत ४८० पी या साध्या प्रतीपेक्षा उच्च प्रतीचे चित्र द्यायचे नाही. महिन्याच्या बेरजेला कोणी हात लावला नाही. त्या-त्या क्षणी वाहणारा प्रवाह थोडा बारीक केला गेला. संकटाच्या वेळी अभियंत्यांनी कोणते हत्यार उचलले, यातच या वादाचे बरेचसे उत्तर आहे.

भारतातील प्रवास

भारतात ब्रॉडबँडची व्याख्याच काळानुसार बदलत गेली. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते. २०१३ मध्ये ही किमान पातळी ५१२ केबीपीएस झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. बीएसएनएलने २००५ मध्ये ‘डेटावन’ ही सेवा आणली. तिच्या काही योजनांत दिवसाचा वापर मोजला जाई, पण रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजणीबाहेर असे. घड्याळाचा गजर लावून मध्यरात्री संगणक सुरू करणारी एक पिढी त्यामुळे तयार झाली. आज ती गंमत वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती योजना आजच्या अनेक योजनांपेक्षा शहाणपणाची होती. मोकळ्या वेळी वापरा, कोणी विचारणार नाही, असा स्पष्ट संकेत तिने ग्राहकाला दिला आणि ग्राहकांनी तो पाळलाही.

त्यानंतर ‘अनलिमिटेड’ हा शब्द जाहिरातीत आला आणि मर्यादा अटींच्या बारीक अक्षरांत गेली. ट्रायने २०१२ मध्ये या धोरणाविषयी पहिले निर्देश दिले आणि ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी ते अधिक कडक केले. कोणत्या प्रमाणापर्यंत कोणता वेग मिळेल आणि मर्यादा ओलांडल्यावर तो किती राहील, हे जाहिरातीत आणि संकेतस्थळावर स्पष्ट सांगणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. घरगुती तारेच्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली नेता येणार नाही, असे बंधन आले. वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोहोचताच ग्राहकास संदेशाद्वारे कळवणेही आवश्यक ठरले. सप्टेंबर २०२० मध्ये ट्रायने दरपत्रकांच्या पारदर्शकतेविषयी पुन्हा निर्देश काढले.

दुसरे महत्त्वाचे बंधन तटस्थतेचे आहे. ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमांनी मजकुरानुसार वेगवेगळा दर लावण्यास मनाई केली आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट तटस्थतेचे तत्त्व स्वीकारले. वाहतुकीचे वाजवी व्यवस्थापन करण्यास त्यात वाव आहे. पण अमुक संकेतस्थळ जलद आणि तमुक मंद, असा भेदभाव करण्यास नाही. त्यामुळे ‘व्हिडिओ पाहता म्हणून वेग कमी केला’ असे कारण सेवादारास देता येत नाही.

मर्यादा मुळात अन्याय्य आहे काय?

या विवेचनावरून सर्व मर्यादा रद्द कराव्यात असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मर्यादेच्या बाजूने एक प्रामाणिक युक्तिवाद आहे. एकट्या राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला वृत्तपत्र वाचायचे असते, नातवंडांशी आठवड्यातून दोनदा बोलायचे असते. पाच जणांच्या कुटुंबाएवढेच पैसे तिने का भरावेत? कमी डेटाची, कमी दराची योजना तिच्या सोयीची आहे. तारेचा, यंत्रांचा आणि दुरुस्तीचा स्थिर खर्च सर्वांकडून वसूल करायचाच असतो. अधिक वापरणाऱ्याने त्यातील थोडा अधिक भार उचलावा, हे तत्त्व वीज आणि पाण्याच्या देयकांतही आहे. फरक एवढाच, की वीज निर्माण करण्यास इंधन जळते आणि पाणी नदीतून उपसावे लागते. न वापरलेली इंटरनेट क्षमता मात्र त्या क्षणीच वाया जाते, ती साठवून उद्या कोणाला देता येत नाही.

बिनतारी घरगुती जोडणीची स्थितीही वेगळी आहे. मनोऱ्याकडून ५जी लहरींद्वारे घरात येणाऱ्या सेवेत तीच लहर रस्त्यावरील मोबाइलधारकही वापरत असतात. फायबर कमी पडले तर नवा तंतू टाकता येतो. लहरींचा पट्टा लिलावात घ्यावा लागतो आणि तो मोजकाच असतो. म्हणून अशा जोडण्यांच्या अनेक योजनांत सुमारे १००० जीबीचीच मर्यादा आढळते. तेथे बंधनाला तांत्रिक आधार अधिक आहे, जरी गर्दीच्या वेळेपुरते बंधन हाच उपाय तेथेही अधिक नेमका ठरेल.

म्हणून भेद करायचा तो दोन गोष्टींत. मर्यादा ही किमतीची पायरी असेल, तर ती उघडपणे तशी सांगावी आणि ग्राहकाने ती पाहून निवड करावी. मर्यादा ही गर्दीवरचा उपाय म्हणून पुढे केली जात असेल, तर ती गर्दीच्या वेळीच लागू व्हावी. एकीचे नाव दुसरीला देऊन ‘न्याय्य वापर’ या शब्दाखाली दोन्ही झाकणे, हे न्याय्य नाही.

ग्राहकाने काय पाहावे

योजना घेताना वेगाच्या मोठ्या आकड्याखालील तीन गोष्टी विचाराव्यात. मर्यादा किती जीबीची आहे, त्यात अपलोडही मोजला जातो का, आणि मर्यादेनंतर वेग किती राहतो. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मर्यादेनंतर ४ एमबीपीएस देणारी आणि ५१२ केबीपीएस देणारी अशा दोन योजना एकाच किमतीत असतील, तर पहिलीवर मुलाचा ऑनलाइन वर्ग महिनाअखेरही चालू राहतो.

वेग पडल्यास कारण आधी ओळखावे. दिवसाच्या तीन निरनिराळ्या वेळी, शक्यतो राउटरला तारेने संगणक जोडून, वेग मोजावा आणि तारखेसह नोंदवावा. पहाटेही वेग तळाशी असेल आणि वापर मर्यादेला पोहोचला असेल, तर एफयूपी संपली आहे. पहाटे वेग पूर्ण आणि रात्री नऊला तुटपुंजा असेल, तर सेवादाराकडे ग्राहकांच्या मानाने क्षमता अपुरी आहे. अशा वेळी मोठी योजना घेण्याचा सल्ला मिळतो. पुढचा मार्गच अरुंद असेल तर त्याने काही साधत नाही. एकच मोबाइल मंद आणि बाकी सर्व ठीक असेल, तर दोष घरातील वायफायचा आहे.

घरातील मोठे वापर अनेकदा नकळत होत असतात. कॅमेरा हालचाल झाल्यावरच चित्रण पाठवील अशी योजना करता येते. गेम आणि फोनची अद्ययावते रात्री उशिराच्या वेळेला लावता येतात. लहान पडद्यावर अतिसुस्पष्ट प्रतीचा लाभ डोळ्यांना होत नाही, डेटा मात्र दुपटीहून अधिक जातो.

तक्रारीचाही ठरलेला मार्ग आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागावी. त्याने ३९ दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असते. त्यापुढे ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ऐकण्याचा ग्राहक आयोगांना अधिकार आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. वेगाच्या तारीखवार नोंदी आणि ५०, ९०, १०० टक्क्यांचे संदेश आले की नाहीत याची माहिती तेथे पुराव्याच्या उपयोगी पडते.

घरातील इंटरनेट आता करमणुकीपुरते राहिलेले नाही. त्यावर कोणाची नोकरी, कोणाची परीक्षा, कोणाचे डॉक्टरांशी बोलणे अवलंबून आहे. शेजारचा जास्त वापरतो म्हणून आपल्याला कमी मिळते, या समजुतीने शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यापूर्वी संध्याकाळच्या गर्दीसाठी पुरेशी क्षमता कोणी विकत घ्यायची होती, हा प्रश्न सेवादाराला विचारायला हवा.